बटाटेराव, खाली बसा

बाईंनी मला बालवाडीच्या हजेरीपटात तेविसाव्या नंबरावर घातलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला बऱ्यापैकी दाढी होती. मी कॉलेजचं पत्र पुढे केलं. सदर विद्यार्थी आपल्या संस्थेत एकशे वीस तासांचे कार्यानुभव प्रशिक्षण घेईल, तरी त्यास सहकार्य करावे, असं त्यात लिहिलं होतं. बाईंनी पत्र दोनदा वाचलं, उलटं करून मागे काही आहे का तेही बघितलं.

"म्हणजे तुम्ही शिकायला आलात."

"हो."

"मग पोरांतच बसा. इथे दोनच प्रकार आहेत, बाई आणि पोरं. बाई मी आहे."

आणि त्यांनी बाविसाव्या नावाखाली माझं नाव लिहून टाकलं. वयाच्या रकान्यापाशी जरा थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि तो रकाना रिकामा ठेवला.

खरं तर मला समुद्रावरच्या एका रिसॉर्टमध्ये जायचं होतं. वर्गातले दोघे तिथे लागले. एक बँकेत गेला, एक पेट्रोलपंपावर. ज्या दिवशी सरांनी जागा वाटल्या त्या दिवशी मी चुलतभावाच्या हळदीला नाचत होतो. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही मी कॉलेजला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा यादीत एकच जागा उरली होती, आणि ती कोणी का घेतली नव्हती हे सांगायला नको. बाबा तेव्हा ट्रेलर घेऊन बंदरावर निघाले होते. ते म्हणाले, "बालवाडी? ती तं तू केलंस ना यक वेला?" आईला वाटलं, मी कुठल्या तरी विषयात नापास झालो आणि कॉलेजने मला थेट खाली पाठवलं.

रेवदंड्याच्या अलीकडे खाडीकाठच्या एका गावात महिला मंडळाची ती बालवाडी होती. एक मोठी खोली, पुढे पडवी, मागे पाण्याची टाकी, आणि वारा फिरला की सगळीकडे सुक्या बोंबलांचा वास. बाई साठीच्या पुढच्या, उंच, काटकुळ्या. माहेर श्रीवर्धनचं, सुपारीच्या बागेतलं. अंगावर सुती साडी, पायात बारा महिने मोजे आणि कमरेला जुन्या धोतराच्या फडक्यांचा गठ्ठा. ती फडकी नाकं पुसायला. दिवसाला गठ्ठा संपायचा आणि दुसऱ्या दिवशी धुऊन, घड्या घालून परत कमरेला यायचा. बाईंच्या मते नाक हा शिक्षणाचा पाया होता. एकदा एका बापाने तक्रार केली, "माझ्या पोराला अजून एबीसीडी येत नाय." बाई म्हणाल्या, "स्वतःचं नाक स्वतः पुसतात ते. तुला कितव्या वर्षी यायला लागलं?" बाप विचारात पडला.

इथे बाईंची बोलायची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. बाई पोरांना अहो-जाहो करायच्या आणि मोठ्यांना अरे-तुरे. अपवाद नाही. तीन वर्षांच्या पोराला "अहो, चड्डी वर घ्या" आणि पन्नाशीच्या सरपंचाला "अरे, तू जरा तिकडे सरक." मी एकदा कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "मोठ्यांना मान द्यायला सगळं गाव बसलंय. यांना कोण देतं?" मी पटावर असल्यामुळे मलाही अहोच होतं. त्याचा मला पहिल्या दिवशी अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी कारण कळलं तेव्हा तो गेला.

पोरांना नावाने हाक मारायची नाही, चित्राने मारायची, हा दुसरा नियम. पडवीत एक लांब फळी होती. तिच्यावर ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्याच्या वर बाईंनी स्वतः रंगवलेलं एक चित्र. होडी, बोंबील, नारळ, सुपारी, खेकडा. पोराने यायचं, आपलं चित्र शोधायचं आणि त्या खिळ्याला चपला टांगायच्या. वाचता न येणाऱ्या माणसाची ती सही होती. मग दिवसभर ते पोर होडीराव, नाहीतर सुपारीबाई. मी आलो तेव्हा सगळी चांगली चित्रं गेलेली. बाईंनी फळीच्या टोकाला एक खिळा ठोकला, पिवळट तपकिरी रंगात एक गोळा काढला आणि म्हणाल्या, "बटाटेराव, चपला."

माझे दहा नंबरचे बूट त्या खिळ्यावर मावले नाहीत. खिळा वाकला. दुसऱ्या दिवसापासून मी रबरी चपला घालून यायला लागलो.

याच फळीवरून हजेरी व्हायची. बाई डोकी कधी मोजत नसत. "डोकी हलतात," त्या म्हणायच्या, "चपला हलत नाहीत." सकाळी दाराशी उभ्या राहून फळीवरून एकदा नजर फिरवायच्या की संपलं. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे याच्यावरच माझा जीव जायची वेळ आली.

तिसरा नियम, पोरांसमोर उभं राहायचं नाही. मी उभा राहिलो की बाई कोपऱ्यातून म्हणायच्या, "बटाटेराव, खाली बसा. त्यांना मान वर करावी लागते." पहिल्या आठवड्यात माझ्या जीन्सचे दोन्ही गुडघे फाटले. कॉलेजातल्या मुलींना ती फॅशन वाटली. सरपंच एकदा फोटोवाल्याला घेऊन वह्या वाटायला आले, तर बाईंनी त्यांनाही खाली बसवलं. "अरे, चपला काढ. खिळा रिकामा नाही, हातात धर." गावात फोटो फिरला त्यात सरपंच पोरांमध्ये मांडी घालून बसलेत, एका हातात वह्या, दुसऱ्या हातात कोल्हापुरी. निवडणुकीत त्याचा त्यांना फायदा झाला असं लोक म्हणतात.

माझा फोन सकाळी आल्याबरोबर तांदळाच्या डब्यात जायचा. बाईंनी कुठेतरी ऐकलं होतं की भिजलेला फोन तांदळात ठेवला की बरा होतो. त्यांचं म्हणणं, फोन हा मुळातच बिघडलेला असतो, रोज ठेवलेला बरा. त्या आठवड्यांत खिचडी शिजताना डब्यातून कधीकधी गाणं वाजायचं.

आणि हजेरीपट. इतर ठिकाणी हजर आणि गैरहजर असतं. बाईंच्या पटावर प्रत्येक पोराला तीन रकाने होते: आले, रडले, कारण. कारणं त्या फार काळजीने लिहायच्या. 'आईची आठवण.' 'होडीराव चावले.' 'चपाती संपली.' एका जागी लिहिलं होतं, 'कारण सापडलं नाही, परंतु मनापासून.' मी विचारलं, हे कशाला? बाई म्हणाल्या, "कोण का रडलं ते कुठेतरी लिहिलेलं असावं. घरी कोणी लिहीत नाही."

माझं घोडं अडलं होतं ते सहीवर. एकशे वीस तास झाल्यावर फॉर्मवर संस्थेची सही आणि अभिप्राय हवा. तो नसेल तर निकाल राखून ठेवणार, म्हणजे वर्ष लटकलं. मी पहिल्याच आठवड्यात फॉर्म दाखवला. बाईंनी चष्मा लावला.

"तास मोजायला घड्याळ आहे, मी कशाला?"

"पण सही..."

"करते की. तुम्ही पोरांना एक गोष्ट सांगा. गोष्ट संपेपर्यंत एकही पोर उठलं नाही, त्या दिवशी सही."

मला वाटलं, एवढंच? मी दुसऱ्याच दिवशी राजाची गोष्ट घेऊन बसलो. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. सुरुवात कशी करायची ते त्यांनी शिकवलं होतं. 'बसा, सांगतो' म्हणायचं आणि सगळी बसेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी म्हणालो, "बसा, सांगतो." सगळी बसली. राजा सिंहासनावर बसतो न बसतो तोच बोंबीलराव उठले. त्यांना शूला लागली होती. हा रोग असा आहे की एकाला लागली की सगळ्यांना लागते. राजाला दरबारात सोडून मी बावीस पोरांची रांग मागच्या टाकीकडे नेली. परत आलो तर बाई फडक्यांच्या घड्या घालत होत्या. "उठले," त्या म्हणाल्या.

वाघाची गोष्ट सांगितली तेव्हा दोघं रडली. पटावर कारणात 'बटाटेराव' असं आलं. मामाच्या गावाची सांगितली तेव्हा सुपारीबाई उठून दप्तर घेऊनच निघाल्या, मामाकडे. रोज कोणीतरी उठायचं. तारीख जवळ येत होती, तिकडे रिसॉर्टवाले दोघे सही, शिक्का आणि वर जेवण घेऊन मोकळे झाले होते, आणि मी रात्री अंथरुणात पडून ससे, कासवं, पऱ्या यांची यादी करत होतो. बाई सक्तीने कुणाला बसूही देत नसत. "बस" म्हणून मी एकदा आवाज चढवला तर म्हणाल्या, "दरडावून तर पोलीसही बसवतात."

माझा आणखी एक दोष होता. मला रोज उशीर व्हायचा. अलिबागहून मी शेअर रिक्षाने यायचो. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. मागे तीन, ड्रायव्हरशेजारी एक, अशा चार सीट झाल्या की निघणार. तीन झाल्या की चौथी यायला जो वेळ लागतो तो कुठल्याही घड्याळात बसत नाही. एक दिवस अर्धा तास उशिरा पोचलो आणि तक्रारीच्या सुरात सगळं बाईंना सांगितलं. पहिली सीट मी, दुसरी एक आजी, तिसरा कोंबडी घेतलेला माणूस, तो कोंबडीला सीट धरा म्हणून भांडतोय, ड्रायव्हर म्हणतो कोंबडी मांडीवर घ्या. बोलता बोलता लक्षात आलं, मागे पोरं गप्प झाली होती.

बाई म्हणाल्या, "राजाबिजा कशाला सांगता? हे सांगा."

त्या रात्री मी सुरमईची गोष्ट रचली. एक सुरमई असते. तिला खाऱ्या पाण्याचा कंटाळा येतो आणि अलिबागचा एसटी स्टँड बघायची हौस येते. ती रेवदंड्याला किनाऱ्यावर येते, रिक्षात बसते. ड्रायव्हर म्हणतो, सीट भरल्याशिवाय निघणार नाही. मग मावशीकडे निघालेला एक नारळ येतो. दोन सीट झाल्या. आता अजून दोन पाहिजेत.

नेमकं दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना तालुक्याला मीटिंगला जावं लागलं. महिला मंडळातल्या एक मावशी खिचडी टाकायला येणार होत्या, बाकी सगळं माझ्यावर. पहिल्यांदाच मी एकटा. गोष्ट सुरू केली. पोरं हलेनात. नारळ रिक्षात बसला तेव्हा नारळराव म्हणाले, "मी नाय, तो दुसरा नारल." मी मनात सहीचा रंग ठरवत होतो. तेवढ्यात खिचडी आली. बाई समोर नसताना गोष्ट पुरी करून उपयोग काय, असा हिशेबी विचार माझ्या डोक्यात आला. खोटं कशाला सांगू, असाच विचार आला. मी म्हणालो, "अजून दोन सीट पाहिजेत. उरलेली उद्या."

पोरं जेवायला बसली. ताटं, पाणी, सांडासांड, हात धुणं. बाई परत यायची वेळ झाली तेव्हा मी पडवीत जाऊन चपला बघितल्या. खिळ्याला खिळा, सगळ्या जागेवर. मी खूश झालो.

बाई आल्या. दारातच थांबल्या. फळीकडे न बघता त्यांनी खोलीत नजर फिरवली.

"खेकडाबाई कुठे आहेत?"

"आहेत ना. चपला आहेत." मी खेकड्याच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. नव्या गुलाबी चपला टांगलेल्या होत्या.

खोलीत खेकडाबाई नव्हत्या. चार वर्षांची ती पोर, दोन वेण्या घालणारी, कधी फारसं न बोलणारी. बाप बोटीवर, आई मुंबईत कामाला, आजी सुकी मच्छी विकते. नव्या चपला तिला चावत होत्या हे सकाळी तिने मला सांगितलं होतं. मी 'बरं' म्हणालो होतो.

मी धावलो. आधी मागच्या टाकीवर चढून आत डोकावलो. मग खाडीकडे. बोंबील वाळत घालायच्या मांडवांखालून, जाळ्यांच्या ढिगामागून, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या आत. भरती चढत होती. पाण्याकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना. तोपर्यंत मला बालवाडी म्हणजे सहीच्या आड आलेली गंमत वाटत होती. त्या दहा मिनिटांत सही, वर्ष, निकाल काही डोक्यात राहिलं नाही. फक्त एवढंच होतं की तिने चपला चावतात असं मला सांगितलं होतं.

परत आलो तेव्हा बाई पोरांमध्ये खाली बसल्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचा.

"बटाटेराव, आज गोष्ट सांगितलीत?"

मला संतापच आला. "बाई, आता गोष्ट कसली..."

"सांगितलीत का?"

"हो."

"पुरी केलीत?"

"नाही."

"कुठे सोडलीत?"

"रिक्षात. अजून दोन सीट पाहिजेत, तिथे."

बाई उठल्या. "मग गावातल्या रिक्षा स्टँडवर जा. पळा."

मी अनवाणी पळालो. स्टँडवर एक रिक्षा उभी होती. मागच्या सीटवर कडेला, दोन्ही पाय हवेत, खेकडाबाई बसल्या होत्या. त्यांनी शेजारची जागा हाताने धरून ठेवली होती. ड्रायव्हर मला बघून म्हणाला, "भाऊ, ही तुमची का? मघापासून बसलेय. तिकडंच आनून सोडत होतो, पन उतरंल तर शपथ. सांगते, माझी यक सीट धर, आनि हिथं कोनाला बसवू न्हको, मासा येतोय."

"खेकडाबाई," मी म्हणालो.

ती म्हणाली, "दोन सीट नव्हत्या. मी आलो." त्यांच्याकडच्या पोरी बोलतात तशीच ती बोलायची. मग स्टँडकडे मान करून तिने विचारलं, "सुरमय कवा येल?"

तिला खांद्यावर घेऊन मी परत आलो. बाईंनी तिचे पाय धुतले, पुसले, तळवे उलटे करून बघितले. मग त्या मला म्हणाल्या, "चूक माझी. चपला मोजायला मी शिकवलं." बस्स, एवढंच. मी पाणी प्यायच्या निमित्ताने टाकीमागे गेलो आणि तिथे उकिडवा बसून रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो. तोंड धुऊन परत आलो, आणि कोणी बघितलं नाही अशी माझी समजूत होती.

संध्याकाळी आजी न्यायला आली तेव्हा बाईंनी काहीही न झाकता तिला सगळं सांगितलं. आजीने टोपली खाली ठेवली आणि मला नखशिखांत बघून घेतलं. "येवढा मोठा बाप्या हाय तू, नि तुना येवढीशी पोर न्हाय सांभालता येत? तोंडावर दारी काय शोभंला ठेवलीस?" आणखीही बरंच बोलली, ते लिहिण्यासारखं नाही. जाताना वळली. "आनि त्या माशाचा काय झाला? गेला का न्हाय?"

दुसऱ्या दिवसापासून बाई चपला मोजायच्या, मग डोकी मोजायच्या, मग परत चपला. मला दोन दिवस गोष्ट सांगायची हिंमत होईना. पण स्टँडवर उतरलो की ड्रायव्हर विचारायचे, "काय, मासा कुठवर आलाय?" आणि खेकडाबाई रोज चपला टांगताना माझ्याकडे बघायच्या. त्या नजरेपुढे फॉर्मची शेवटची तारीख काहीच नव्हती.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी बसलो. सुरमई बसली, नारळ बसला, तिसऱ्या सीटवर मी खेकड्याला बसवलं. खेकडाबाई जागच्या जागी सरकून ताठ झाल्या. चौथी सीट बटाट्याची. एकही पोर उठलं नाही. "आणि भरली रिक्षा!" असं ओरडून मी रिक्षा चालू करायचा दांडा ओढायला उभा राहिलो.

"एक उठलं," बाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

मी वळून बघितलं. सगळी बसलेली. "कोण?"

"तेविसावा नंबर."

मी हात जोडले, तारीख सांगितली, वर्षाचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "उद्या आहे ना अजून."

दुसऱ्या दिवशी मी मांडी घातली आणि गुडघे हातांनी धरून ठेवले. बसा, सांगतो. पोरांना गोष्ट पाठ होती, तरी बसली. सुरमई, नारळ, खेकडा. चौथ्या सीटला मी बटाटा आणणार तोच खेकडाबाई म्हणाल्या, "बटाटा काल गेला. आज बाई."

"बाई! बाई!" सगळी ओरडली, पण बसूनच.

बाई म्हणाल्या, "मी कशी येऊ? मी बाई आहे."

"येवा ना," खेकडाबाई म्हणाल्या आणि सरकून जागा केली.

बाईंनी फडक्यांचा गठ्ठा खुर्चीवर ठेवला आणि पोरांत येऊन मांडी घालून बसल्या. मी म्हणालो, "रिक्षा भरली. आता अलिबाग."

"रिक्षावाल्याला विचारा," बाई म्हणाल्या, "श्रीवर्धनला येतो का."

मी अडकलो. श्रीवर्धन उलट्या दिशेला. आमच्या श्रीवर्धनला असं, आमच्या श्रीवर्धनला तसं, हे मी महिनाभर ऐकत होतो. पण शेवटचं कधी गेलात असं मी त्यांना विचारलं नव्हतं, आणि त्यांच्या आवाजावरून कळलं की बरीच वर्षं झाली असावीत. पोरांनी मला विचारायची वाटच बघितली नाही. होडीरावांनी बसल्या बसल्या हँडल वळवलं. मग काय, रिक्षा मुरूडवरून आगरदांड्याला गेली, जेट्टीवर फेरीबोटीत चढली. बोटीच्या कठड्यावरून सुरमईने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र वरून बघितला. खाली तिची आई, मावश्या, सगळं गोत पोहत होतं. तिने शेपटी हलवली. त्यांनीही हलवली. दिघीला उतरून रिक्षा पुढे निघाली. सुपारीच्या बागा लागल्या. एका बागेच्या फाटकाशी बाई म्हणाल्या, "इथे थांबवा." आणि रिक्षा थांबली.

"संपली," मी म्हणालो.

कोणी उठलं नाही. संपल्यावरही नाही. बाईही बऱ्याच वेळाने उठल्या, आणि उठल्यावर आधी आपलं नाक पुसलं.

फॉर्म त्यांनी घडी घालून पाकिटात दिला. "उघडायचं नाही. तुमच्या सरांसाठी आहे."

सरांनी स्टाफरूममध्ये तो माझ्यासमोर उघडला. घरी जायची त्यांची वेळ झाली होती. बॅग खांद्याला, स्कूटरची चावी हातात, उभ्या उभ्याच त्यांनी अभिप्राय मोठ्याने वाचला. अक्षर हजेरीपटातलंच होतं.

"'नाक स्वतःचं स्वतः पुसतात. दुसऱ्यांचंही पुसतात. एकदा रडले, टाकीमागे. कारण योग्य होतं. गोष्ट पुरी करतात. पुढच्या वर्षी पहिलीत घालण्यास हरकत नाही.'"

रिसॉर्टवाले दोघे मागे उभे होते, ते फिदीफिदी हसले. सरही हसले. "काय रे, रडलास?"

"हो सर."

"बालवाडीत?"

"हो सर. एक पोर हरवलं होतं. माझ्यामुळे. मी सुरमईची गोष्ट अर्धी सोडली, ती सुरमईसाठी सीट धरायला रिक्षात जाऊन बसली."

हसणं थांबलं. सरांनी फॉर्मवर आपली सही केली, शिक्का मारला, फाइलमध्ये लावला. माझं वर्ष वाचलं. ते दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले.

"मग ती सुरमई पोचली का रे अलिबागला?"

"नाही सर."

"का?"

मी जमिनीवर मांडी घालणार होतो, पण स्टाफरूममध्ये ते बरं दिसलं नसतं. म्हणून समोरची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसा सर," मी म्हणालो, "सांगतो."